गरम जॉबला व्हर्नियर

कोल्हापूर

प्रिय मित्रास अनेक आशीर्वाद.

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, नेटवर्कवरून आलेली पॅकेट वाचणाऱ्या कोडचा जो पॅच (बदल) तू तपासायला घेतलास, त्यावरचा तुझा शेरा वाचला: ‘लांबीची तपासणी आहे, हरकत नाही.’ तपासणी आहे खरी. पण ती कोणी लिहिलेल्या आकड्याची आहे आणि तो आकडा वापराच्या ओळीपर्यंत खरा राहतो का, हे तू पाहिलेले दिसत नाही.

आयपी हेडरमधला, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीतला, हेडरच्या लांबीचा आकडा पाठवणाराच लिहितो, तोही 4 बाइटांच्या पटीत. त्या चार बिटांत 5 पेक्षा कमी आले तर हेडर 20 बाइटांहून लहान ठरतो आणि 15 आले तर 60 बाइटांचा; परंतु तेवढे बाइट खरोखर आले आहेत का, हे बफरकडूनच, म्हणजे पॅकेट ठेवलेल्या मेमरीकडूनच, कळते. टीसीपी हेडरमधल्या एखाद्या ऑप्शनची (जादा नोंदीची) लांबी शून्य लिहून आली आणि कोड ‘तेवढेच’ पुढे सरकला, तर लूप जागच्या जागी फिरत राहतो, म्हणून तिथे किमान 2 ची अट लागते. बेरजेवरही नजर ठेव. मोठे पॅकेट तुकड्यांत येते, तेव्हा प्रत्येक तुकड्याचे स्थान 13 बिटांत, 8 च्या पटीत लिहितात. त्यामुळे शेवटचा तुकडा 65,528 पासून सुरू होऊन आठच बाइटांचा असला, तरी स्थान आणि लांबी यांची बेरीज पॅकेटची 65,535 बाइटांची मर्यादा ओलांडते. ‘पिंग ऑफ डेथ’ या हल्ल्याने जुन्या सिस्टिम पाडल्या, त्या याच बेरजेवर.

आता या पॅचची खरी अडचण. लिनक्स कर्नलमधले ‘पीएसकेबी मे पुल’ हे फंक्शन हवे तेवढे बाइट सलग आणून देते, पण तसे करताना बफर दुसरीकडे हलू शकतो. या पॅचमध्ये हेडरचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) त्या फंक्शनच्या आधी घेतला आहे आणि वापरला आहे नंतर, म्हणजे बफर हलला तर तो जुन्याच जागेकडे बोट दाखवतो. उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर मी एकदा गरम जॉबलाच व्हर्नियर लावून माप बरोबर असल्याचे सांगून मोकळा झालो होतो. निवल्यावर तो कमी भरला आणि भंगारात गेला. (वडील काही बोलले नाहीत, ते अधिक लागले.)

तपासणी फसल्यावर पुढे काय होते, तेही वाच. 2019 च्या ‘सॅक पॅनिक’ या लिनक्सच्या टीसीपी कोडमधल्या दोषात 16 बिटांची मोजणी ओसंडली आणि कर्नल स्वतःच्याच ‘बग ऑन’ तपासणीवर (अट मोडली की यंत्र थांबवणाऱ्या) येऊन बंद पडला. बाहेरचे पॅकेट जिथे पोहोचू शकते तिथे तपासणी फसली तर ते पॅकेट टाकून द्यावे आणि बफर एकदाच मोकळा करावा. अख्खे यंत्र थांबवू नये.

तेव्हा शेरा मागे घे, पॉइंटर पुन्हा घ्यायला सांग, आणि सांगताना ओळ क्रमांकासोबत ती ओळ ज्याने कोसळेल असे एक पॅकेट बाइटवार लिहून दे.