आठवड्याला एक पान, चार फोटो

या वेळी पाच पत्रे निवडली आहेत. विषय एकच, घरच्या फोटोंची वही. पहिल्या पत्रातली अडचण बहुतेकांची असल्याने तिच्या उत्तराला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : दोन मुलांसाठी दर आठवड्याला फोटोंचे एक पान करायचे, असे गेल्या जानेवारीत ठरवले. १२ बाय १२ इंची वही, रंगीत कागद, स्टिकर, लेस सगळे आणले. एका पानाला दोन-अडीच तास लागतात. अकराव्या आठवड्याला जे अडले ते अडलेच. फोनमध्ये तीन हजारांवर फोटो साठलेत. मागचे भरून काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. काय करावे?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : मागचे भरून काढायला बसू नका. बाराव्या आठवड्यापासून सुरुवात केलीत तर आजचा आठवडा गाठेपर्यंत आणखी वीस आठवडे साठतील. येत्या रविवारचे पान आधी करा. प्रत्येक पानावर त्या आठवड्याच्या सोमवारची तारीख मोठी घाला. मग मध्ये खंड पडला तरी वही वाचता येते. मागच्या काळासाठी महिन्याला एकच पान ठेवा. नऊ महिने राहिले असतील तर नऊ पाने होतील, आणि तीही सवडीने, उलट्या क्रमाने. अलीकडचा महिना आधी घ्यावा, कारण त्यातले अजून आठवत असते.

आता अडीच तास कुठे जातात ते पाहू. चिकटवायला फार तर दहा मिनिटे लागतात. बाकीचा वेळ ठरवण्यात जातो. कोणते फोटो, कोणता कागद, मांडणी कशी, लिहायचे काय, हे चार प्रश्न दर आठवड्याला नव्याने सोडवावे लागतात. त्यातले कागद आणि मांडणी हे दोन प्रश्न वर्षातून एकदाच सोडवून टाका.

१२ बाय १२ ची वही बाजूला ठेवा. तिचे कागद आणि प्लास्टिक आपल्याकडे सहज मिळत नाही आणि संपले की काम थांबते. ए-फोर आकाराचा पांढरा किंवा फिक्या रंगाचा, २०० जीएसएमचा जाड कागद घ्या. त्याला प्लास्टिकचे पारदर्शक पाऊच लावून दोन इंची रिंग फाइलमध्ये घाला. हा माल कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. पाठपोट वापरले की ५२ आठवड्यांना २६ कागद पुरतात. कागद, दोन्हीकडचे फोटो आणि पाऊच मिळून एका पानाची जाडी पाऊण ते एक मिलिमीटर होते. म्हणजे वर्षाचे झाले दोन-अडीच सेंटिमीटर. त्यामुळे एक इंची फाइल काठोकाठ भरते आणि रिंगा नीट मिटत नाहीत. दोन इंचीत निवांत बसते. पण लेस, मणी, फुगीर स्टिकर लावलेत तर हा हिशेब कोलमडतो, आणि शेजारच्या फोटोवर त्यांचे वळ उठतात.

फोटो ४ बाय ६ ऐवजी साडेतीन बाय पाचचे काढा. याला दोन कारणे आहेत. ए-फोर कागद साधारण सव्वाआठ बाय पावणेबारा इंचांचा असतो. त्यावर साडेतीन बाय पाचचे चार उभे फोटो दोन-दोनच्या ओळीत बसतात आणि लिहायला दीड इंचाची पट्टी उरते. ४ बाय ६ चे चार बसतच नाहीत. दुसरे कारण असे की फोनचा फोटो बहुधा ४:३ मापाचा असतो. ६ इंच लांबीला त्याची रुंदी साडेचार होते, पण छापायची चार, म्हणजे अर्धा इंच कापला जातो. तो नेमका कडेला उभ्या आज्जीच्या खांद्याचा किंवा उंच मामाच्या डोक्याचा असतो. पाच इंच लांबीत हीच काट फक्त पाव इंच होते.

आडवे फोटो आले तर? पान आडवे धरायचे. फाइल फिरवून पाहायला कुणाची हरकत नसते.

आता कामाची वाटणी. रविवारी रात्री पंधरा मिनिटे फक्त निवड आणि लिखाण. फोनमधल्या आठवड्याच्या फोटोंतून आवडते दहा हृदयाच्या खुणेने निवडा, मग त्यातून चार ठेवा. चारच. पाचवा चांगला आहे म्हणून ठेवला की पुढच्या आठवड्याला सात होतात. चार नसतील तर दोन चालतात. काहीच घडले नाही त्या आठवड्यात डब्याचा, दप्तराचा किंवा अंगणातल्या चपलांच्या ढिगाचा एक फोटो काढून मोकळे व्हा. वीस वर्षांनी तोच जास्त वेळ बघितला जाईल.

त्याच वेळी एका साध्या डायरीत तीन ओळी लिहा. कुठे, कोण कोण, आणि कुणी बोललेले एखादे वाक्य जसेच्या तसे, घरच्या बोलीत. ‘आज्जी, तू पण ये की!’ याचे शुद्ध मराठी करू नका. फोटो फोनमध्ये राहतो, पण हे वाक्य चार दिवसांत जाते. म्हणून हे काम महिनाअखेरीला ढकलू नये. बाकीची सगळी खुशाल ढकला.

महिन्यातून एकदा छपाई. चार-पाच आठवड्यांचे सोळा ते वीस फोटो पेन ड्राइव्हवर घ्या आणि प्रत्येकाला तारखेचे नाव द्या, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, शेवटी १ ते ४. म्हणजे छापून आलेला गठ्ठा आपोआप क्रमाने लागलेला असतो. स्टुडिओत दोन गोष्टी आधीच सांगा, मॅट कागद आणि ‘कटिंग न करता, पांढरी कड राहिली तरी चालेल’. मॅटवर बोटांचे ठसे कमी दिसतात आणि तो प्लास्टिकला चिकटण्याचा धोकाही चकचकीत कागदापेक्षा कमी. चेहरे गोरे करून देऊ नका, हेही सांगावे लागते.

चिकटवणे दोन-तीन महिन्यांतून एकदा, एका दुपारी. मांडणी ठरलेली असल्याने बारा पाने एका बैठकीत होतात. मुलांनाही बसवता येते, कारण त्यांनी बिघडवण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

गणपती, शिवजयंतीचे चित्ररथ, घरचे लग्न अशा आठवड्याला एक जादा कागद घ्या, दोन नव्हे. रात्रीच्या मिरवणुकीचे फोटो हललेलेच येतात. त्यातला एक रथाचा, एक आपल्या माणसांचा पुरे.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस फार. गेल्या पावसाळ्यात पाने वाकडी झाली, काही फोटो प्लास्टिकला चिकटले, काहींवर पांढुरके ठिपके आलेत. चिकटलेले फोटो निघतील का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ओढून काढू नका. फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असते. ते ओल शोषून मऊ होते, प्लास्टिकला धरते आणि वाळताना तिथेच घट्ट बसते. ओढले की रंगाचा थर प्लास्टिकवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. आधी प्लास्टिकवरूनच, खिडकीजवळ, चकाकी येणार नाही अशा कोनातून फोनने फोटो काढून ठेवा. मग पाऊच बाजूंनी कापा, फोटोला धरलेला तुकडा तसाच राहू द्या. फोनमधली मूळ फाइल असेल तर नवीन प्रिंट काढणे सर्वांत सोपे. जुना, एकुलता एक फोटो असेल तर प्लास्टिकसह जपा.

पांढुरके ठिपके बुरशीचे. ओल्या फडक्याने पुसलेत तर ते पसरतील. पंख्याखाली, उन्हात न ठेवता, दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या, मग नाकातोंडाला रुमाल बांधून घराबाहेर मऊ कोरड्या ब्रशने झटका.

पाने वाकडी होण्याचे कारण बहुधा पांढरा गोंद. त्यात पाणी असते, कागद एका बाजूने फुगतो आणि वाळताना आखडतो. त्याऐवजी फोटो-कॉर्नर (फोटोचे कोपरे अडकवायचे छोटे त्रिकोणी खिसे) किंवा दुहेरी चिकटपट्टीचे चार छोटे तुकडे वापरा. कॉर्नर सर्वांत उत्तम, फोटो पुन्हा काढता येतो. सेलोटेप नको, काही वर्षांत पिवळी पडून तिचा चिकट डाग मागे राहतो. आतली पाने चिकट असलेले, वरून प्लास्टिक ओढायचे अल्बम तर अजिबात नकोत. पाऊच घेताना वास घ्या. नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर ते पीव्हीसी नावाचे प्लास्टिक, परत ठेवा. पॉलिप्रॉपिलीनचे पाऊच जवळजवळ वासाशिवाय असतात.

तुमच्या भागात जून ते सप्टेंबर चिकटवूच नका. त्या चार महिन्यांत रविवारची निवड आणि डायरी चालू ठेवा. कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची सुट्टी मिळते, तेव्हा छपाई आणि चिकटवणे एकदम उरका. तोवर तयार फाइल घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या दोन पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारे नारिंगी जेल घ्या. हिरवे पडले की ते भिजले, मंद आचेवर तापवून पुन्हा नारिंगी करता येते. फाइल उभी ठेवावी, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीच्या कपाटात नको, माळ्यावर तर नकोच. डांबराच्या गोळ्या फोटोंजवळ ठेवू नयेत, त्यांची वाफ प्लास्टिकला आणि फोटोला बाधते.

प्रश्न : कोल्हापूर-पुण्याचे नातेवाईक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. छापले की अंधुक येतात आणि तारखाही चुकतात.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान करते, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणते. पाच इंचाला हे ३२० पिक्सेल प्रतिइंच पडते, म्हणजे साडेतीन बाय पाचसाठी पुरेसे. बारा इंचाला मात्र १३३ उरतात आणि फोटो फाटतो. तेव्हा एक तर लहान छापा, नाही तर पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असे सांगा. तसा पाठवलेला मूळ फोटो जसाच्या तसा येतो. मधला मार्ग म्हणजे पाठवताना ‘एचडी’ निवडणे. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पुढे ढकललेला फोटो अंधुक असेल तर मूळ माणूस शोधण्याला पर्याय नाही.

तारखेचे असे की फोटोत दडलेली काढल्याची वेळ वाटेत गळते. फाइलच्या नावातली ‘२०२५०६१५’ ही तारीख १५ जून २०२५ ला तो तुमच्याकडे आल्याची, काढल्याची नव्हे. लग्नाचे फोटो आठवड्याने आले तर पान चुकते. म्हणून फोटो आला त्याच दिवशी त्याची खरी तारीख विचारून डायरीत लिहा.

प्रश्न : सुनेचे माहेर गोकाकचे, तिकडे कन्नड. नातवंडे कन्नड शाळेत. फोटोखाली कोणत्या भाषेत लिहावे?
— एक आज्जी, चिकोडी

उत्तर : जो लिहील त्याच्या भाषेत आणि त्याच्या लिपीत. तुम्ही मराठीत लिहा, नातवाने त्याची ओळ कन्नडमध्ये लिहू दे. कन्नड वाक्य देवनागरीत उतरवत बसू नका, दोन्हीकडच्यांना अडखळायला होते. फक्त माणसांची आणि गावांची नावे दोन्ही लिपींत असावीत.

यापेक्षा मोठी चूक नात्यांची होते. ‘मामा’, ‘काकू’ एवढेच लिहिले तर कुणाचे ते पुढे कळत नाही. सगळी नाती एकाच व्यक्तीपासून धरा, शक्यतो थोरल्या नातवापासून, आणि नाव जोडा. तुम्ही स्वतःही तिथे ‘मी’ नसून आज्जी असाल. हे वहीच्या पहिल्या पानावर एकदा लिहून ठेवा.

प्रश्न : प्रवासाची तिकिटे, पावत्या, आपट्याची पाने लावली तर चालेल का?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : मशिनमधून निघणारी गुळगुळीत तिकिटे आणि पावत्या उष्णतेवर छापलेल्या असतात. त्या वर्ष-दोन वर्षांत कोऱ्या होतात, प्लास्टिकखाली तर लवकरच. त्यांची झेरॉक्स लावा. आपट्याचे पान वर्तमानपत्रात घालून, वर जड पुस्तके ठेवून दोन आठवडे वाळवा, मधे दोनदा कागद बदला. नंतरही ते फोटोला टेकू देऊ नका, छोट्या बटर पेपरच्या पाकिटात घालून पानाच्या पट्टीत लावा.