ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये कोणत्या जागेवर खेळलेले खेळाडू यशस्वी कोच होतात? बचावपटूच चांगले कोच होतात, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. एका काळापुरतं तर बरंच खरं होतं. पण माझ्या मते जागेपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. ती सांगते, पण आधी जागेबद्दल बोलू, कारण त्या समजुतीलाही चांगली कारणं आहेत.

मी मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहते. मुलगा सहा वर्षांचा झाल्यावर त्याला दर शनिवारी सकाळी ऑस्किकला, म्हणजे लहान मुलांच्या फुटीच्या (इथे या खेळाला फुटी म्हणतात) वर्गाला, न्यायला लागले आणि त्याच्याआधी मलाच या खेळाचं वेड लागलं. आमच्या भागाचा संघ वेस्टर्न बुलडॉग्ज, त्यामुळे माझी निष्ठा कुठे आहे ते आधीच सांगून टाकते.

इथल्या जुन्या प्रेक्षकांना तुमचा प्रश्न विचारलात, तर ते क्षणभरही न थांबता ‘बॅक पॉकेट’ म्हणतील. म्हणजे स्वतःच्या गोलच्या अगदी जवळ, कोपऱ्यात उभा राहणारा बचावपटू. टॉम हेफी हा रिचमंडचा बॅक पॉकेट. व्हीएफएलमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये (तीच पुढे एएफएल झाली), जेमतेम ६७ सामने खेळला, पण कोच म्हणून त्याच रिचमंडला १९६७, १९६९, १९७३ आणि १९७४ अशा चार प्रीमियरशिप, म्हणजे लीगची अजिंक्यपदं, मिळवून दिल्या. त्याच्या हाताखाली खेळलेला केव्हिन शीडी, मूळचा प्लंबर, हाही सुरुवातीला बॅक पॉकेटच. तो एसेंडनचा १९८१ ते २००७ अशी सत्तावीस वर्षं कोच होता आणि त्यानेही चार जिंकल्या. हॉथॉर्नच्या डेव्हिड पार्किनचीही जागा तीच, आणि हॉथॉर्न व कार्लटन मिळून त्याच्याही खात्यावर चार. डेनिस पॅगनने नॉर्थ मेलबर्नसाठी १९९६ आणि १९९९ साली जिंकल्या, तोही बॅक पॉकेटच. मिक माल्टहाउस हाही बचावपटू. त्याने ७१८ सामन्यांत कोचिंग केलं, या खेळात याहून जास्त कुणीच केलेलं नाही.

हे का घडलं असेल? मैदान लंबगोल आणि प्रचंड, एका बाजूला अठरा खेळाडू, ऑफसाइड नावाचा प्रकारच नाही. चेंडू कुठूनही येतो. मधल्या फळीतल्या खेळाडूच्या चारही बाजूंना माणसं असतात, त्याला पुढचे दोन सेकंद दिसतात. बॅक पॉकेटच्या पाठीमागे मात्र फक्त गोल असतो, सगळा खेळ त्याच्या समोर उलगडतो. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाला जसं सगळं क्षेत्ररक्षण दिसतं, तसंच. टीव्हीवर आपण सामना बाजूने पाहतो, पण कोच मंडळी अभ्यासाला बसतात तेव्हा गोलच्या मागे लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण आवर्जून मागतात. म्हणजे जे चित्र त्यांना लागतं, ते बॅक पॉकेट वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांनी पाहत आलेला असतो.

दुसरं कारण मला जास्त पटतं. जुन्या काळी रकमन (उडी मारून चेंडू खाली ढकलणारा उंच खेळाडू) आणि रोव्हर (तो चेंडू उचलून पळणारा चपळ खेळाडू) दमले की विश्रांतीसाठी पुढे, फॉरवर्ड पॉकेटमध्ये, म्हणजे समोरच्या संघाच्या गोलजवळच्या कोपऱ्यात, येऊन थांबायचे. त्यामुळे बॅक पॉकेटच्या समोरचा माणूस सारखा बदलायचा. आत्ता एक चपळ बुटका, थोड्या वेळाने दुसराच कोणी. प्रत्येकाची खोड ओळखायची, तो कुठल्या पायाने किक मारतो, कधी फसवतो ते लक्षात ठेवायचं. ही जागाही बहुधा अशा खेळाडूला मिळायची ज्याच्याकडे उंची, वेग, उडी यांतलं काहीच अफाट नाही. टिकायचं तर डोकं चालवूनच टिकायला हवं.

आता आकड्यांकडे या, कारण इथेच ती समजूत डळमळते. २००५ ते २०११ या सात वर्षांत सहा वेळा बचावपटू राहिलेल्या कोचने अजिंक्यपद मिळवलं: सिडनीचा पॉल रूस, वेस्ट कोस्टचा जॉन वर्सफोल्ड, जिलाँगचा मार्क थॉम्प्सन दोनदा, कॉलिंगवुडचा माल्टहाउस आणि जिलाँगचा ख्रिस स्कॉट. पण त्यानंतर, २०१२ ते २०२५ या चौदा वर्षांत, असे कोच जिंकले फक्त चार वेळा: रिचमंडचा डेमियन हार्डविक तीनदा आणि स्कॉट पुन्हा एकदा. मैदानावरच्या अठरांपैकी सहा जण मुळात बचावातलेच असतात, म्हणजे एक तृतीयांश. चौदात चार हे त्या हिशेबाने थोडं कमीच भरतं. खेळही बदलला. आता सगळेच बचाव करतात, सगळेच पुढे धावतात. मुलाच्या अंडर-१२ च्या संघातसुद्धा कोच प्रत्येक क्वार्टरला मुलांच्या जागा बदलतो.

आणि जुन्या काळातही अपवाद काही लहानसहान नव्हते. मेलबर्न क्लबला सहा प्रीमियरशिप देणारा नॉर्म स्मिथ फॉरवर्ड होता. ॲडलेडला १९९७ आणि १९९८ अशा लागोपाठ जिंकवणारा माल्कम ब्लाइट तर गोलांसाठीच प्रसिद्ध. ली मॅथ्यूज रोव्हर, ९१५ गोल, आणि कोच म्हणून चार अजिंक्यपदं.

मग समान धागा कोणता? मला तो घराण्याचा वाटतो. आपल्याकडे गवयाबद्दल ‘कोणाकडे शिकला?’ असं विचारतात, तोच प्रश्न इथे कोचबद्दल विचारावा.

सगळ्यात हलवून टाकणारं उदाहरण रॉन बरासीचं. त्याचे वडील मेलबर्नकडून नॉर्म स्मिथच्या जोडीने खेळलेले, १९४१ साली टोब्रुकच्या लढाईत मारले गेले. पुढे तो वडिलांविना वाढलेला मुलगा कोबर्गला स्मिथच्याच घरी राहायला आला. अक्षरशः गुरुगृही. स्मिथच्या हाताखाली खेळाडू म्हणून त्याने सहा प्रीमियरशिप जिंकल्या, मग कोच होऊन कार्लटनला दोन आणि नॉर्थ मेलबर्नला दोन मिळवून दिल्या. १९७० च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला कार्लटन ४४ गुणांनी मागे होता. बरासीने खेळाडूंना चेंडू हाताने खेळवत, धावत राहायला लावलं आणि सामना १० गुणांनी फिरवला. समोर १,२१,६९६ माणसं बसली होती.

आजच्या काळातलं घराणं म्हणजे ॲलिस्टर क्लार्कसनचं. हा स्वतः १३४ सामने खेळलेला छोटासा रोव्हर-फॉरवर्ड, महान खेळाडू वगैरे कुणी म्हणणार नाही. निवृत्त झाल्यावर मोठ्या लीगमध्ये सहायक, मग व्हिक्टोरियात वेरिबी, साउथ ऑस्ट्रेलियात सेंट्रल डिस्ट्रिक्ट, मग पोर्ट ॲडलेडमध्ये पुन्हा सहायक, अशी पायपीट करून तो हॉथॉर्नला पोहोचला. तिथे २००८ आणि मग २०१३, २०१४, २०१५ असे चार किताब. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्याच्या हाताखालून गेलेल्यांची यादी. हार्डविक, ल्यूक बेव्हरिज, ॲडम सिम्पसन, क्रेग मॅक्रे, ख्रिस फेगन. २०१६ ते २०२५ या दहा वर्षांतली आठ अजिंक्यपदं या पाच जणांनी मिळवली आहेत! एक बचावपटू, एक मिडफिल्डर, दोन छोटे फॉरवर्ड आणि एक जण असा की जो व्हीएफएल किंवा एएफएलमध्ये एकही सामना खेळलेला नाही. जागेचा काही संबंध लावता येतो का, तुम्हीच पाहा.

बेव्हरिजबद्दल थोडं जास्त लिहिते, तो आमचा आहे. मेलबर्न, फुट्सक्रे (म्हणजे आजचे बुलडॉग्ज), सेंट किल्डा अशा तीन क्लबांत मिळून ११८ सामने. मग मोठ्या फुटबॉलपासून दूर, सरकारी नोकरी. काळ्या पैशाचा माग काढणाऱ्या ऑस्ट्रॅक या संस्थेत तो काम करत होता आणि संध्याकाळी सेंट बीड्स मेंटोन या हौशी संघाला शिकवत होता. तो संघ २००६ ते २००८ अशी सलग तीन वर्षं जिंकला, आणि दर वर्षी वरच्या श्रेणीत जाऊन जिंकला. दिवसभर कामधंदा करून सरावाला येणाऱ्या माणसांना काय आणि कसं सांगायचं, हे एएफएलच्या कुठल्याच क्लबात शिकता येत नाही. पुढे माल्टहाउसकडे कॉलिंगवुडला, मग क्लार्कसनकडे हॉथॉर्नला. हा जुना फॉरवर्ड तिथे बचावपटूंना शिकवत होता. २०१६ मध्ये बुलडॉग्ज सातव्या क्रमांकावरून अंतिम फेऱ्यांत गेले, पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला हरवलं, मग हॉथॉर्नला, मग ग्रेटर वेस्टर्न सिडनीला आणि शेवटी सिडनी स्वान्सना. १९५४ नंतर पहिल्यांदा. त्या दिवशी फुट्सक्रेच्या रस्त्यावर म्हातारी माणसं रडत होती आणि मीही त्यांच्यात होते.

विजेत्या कोचला जे पदक मिळतं ते जॉक मकहेलच्या नावाचं. मकहेलने कॉलिंगवुडला १९२७ ते १९३० अशी सलग चार अजिंक्यपदं मिळवून दिली, आणि त्या संघात बेव्हरिजचे आजोबा जॅक होते. ते पदक गळ्यात पडल्यावर बेव्हरिजने कप्तान बॉब मर्फीला मंचावर बोलावलं. मर्फी गुडघ्याच्या दुखापतीमुळे जवळजवळ सगळा हंगाम बाहेर बसला होता. बेव्हरिजने पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं.

आता उलट बाजू. थोर खेळाडू कोच म्हणून का अडखळतात? मायकल व्हॉस हा ब्रिस्बेनचा तीन अजिंक्यपदं उचललेला कप्तान. त्याला कोचिंगचा काहीच अनुभव नसताना २००९ साठी थेट ब्रिस्बेनचं मुख्य पद दिलं, आणि २०१३ मध्ये ते गेलं. यात मी त्याला दोष देत नाही, ज्यांनी घाई केली त्यांना देते. त्यानंतर तो पोर्ट ॲडलेडमध्ये सात वर्षं सहायक राहिला, आणि मग त्याने कार्लटनला २०२३ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत नेलं. माणूस तोच, जागा तीच, मधे सात वर्षांचं शिकणं. ब्लाइटचंही तसंच: १९८१ मध्ये नॉर्थ मेलबर्नचा खेळाडू-कोच म्हणून हंगाम पुरा होण्याआधी त्याला पद सोडावं लागलं, मग तो साउथ ऑस्ट्रेलियातल्या वुडव्हिलला पाच वर्षं घडला. मॅथ्यूज मात्र निवृत्तीनंतर काही महिन्यांतच मुख्य कोच झाला आणि यशस्वीही झाला. पण तो हॉथॉर्नमध्ये जॉन केनेडी, पार्किन आणि ॲलन जीन्स अशा तिघांच्या हाताखाली खेळला होता. तिघेही प्रीमियरशिप जिंकलेले. अशी शिदोरी किती जणांना मिळते?

केनेडी आणि पार्किन दोघेही पेशाने शिक्षक होते. फेगनही शिक्षकच, टास्मानियाचा, आणि खेळलाही तिथेच, तिथल्याच लीगमध्ये. २०१७ मध्ये ब्रिस्बेनचा कोच झाला तेव्हा पहिल्या वर्षी संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला, फक्त पाच विजय. दुसऱ्या वर्षीही पाचच. ‘जो या पातळीवर खेळलाच नाही त्याचं खेळाडू ऐकतील का?’ ही शंका तेव्हा कुणाच्याही मनात आली असती, माझ्याही आली. तिसऱ्या वर्षी ब्रिस्बेन गुणतक्त्यात दुसरा होता. २०२३ च्या अंतिम सामन्यात तो मॅक्रेच्या कॉलिंगवुडकडून चार गुणांनी हरला, २०२४ मध्ये सिडनीला ६० गुणांनी हरवून जिंकला आणि २०२५ मध्ये जिलाँगला हरवून पुन्हा. पहिल्यांदा जिंकला तेव्हा त्याचं वय ६३ होतं.