गटात नाव आहे, सहभाग नाही

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. पंचगंगेच्या वाढत्या पाण्याची आगाऊ सूचना देणारे उपकरण हा आमचा प्रकल्प आहे. सहा जणांच्या गटात आम्ही चौघे मराठी आहोत, एक मैत्रीण इंफाळची आणि एक मित्र टांझानियाचा आहे. बैठक इंग्रजीत सुरू होते आणि थोड्याच वेळात मराठीवर येते. ते दोघे फारसे बोलत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे पीपीटी आणि अहवालाचे टंकलेखन दिले आहे. अशा गटांतून आंतरसांस्कृतिक कौशल्ये येतात असे आम्हाला सांगितले गेले होते. प्रत्यक्षात फक्त वेळ जास्त लागतो. आमचे काय चुकते? – एक विद्यार्थी

उत्तर : वेळ जास्त लागतो ही तुमची तक्रार खरी आहे आणि ती संशोधनातही नोंदली गेली आहे. वॉटसन, कुमार आणि मायकेलसन या संशोधकांनी अमेरिकेतील विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे एकजिनसी आणि मिश्र असे दोन प्रकारचे गट १७ आठवडे अभ्यासले आणि त्याचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. सुरुवातीला मिश्र गट कामातही आणि आपसातील व्यवहारातही मागे होते. अखेरीस एकूण कामगिरीतील अंतर उरले नाही, उलट प्रश्नाकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहणे आणि पर्याय सुचवणे यांत मिश्र गट पुढे गेले. म्हणजे जवळजवळ एक संपूर्ण सत्र गेले, आणि त्या काळात या गटांना आपल्या कामाच्या पद्धतीविषयी अधूनमधून अभिप्रायही मिळत होता. सत्राच्या पहिल्या महिन्यावरून निकाल देऊ नये, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

मात्र नुसता वेळ गेल्याने तुमचा गट सुधारेल असे मला वाटत नाही. वेगवेगळ्या समूहांतील माणसे एकत्र आल्याने पूर्वग्रह केव्हा कमी होतात, याचा विचार मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडला. समान दर्जा, समान उद्दिष्ट, एकमेकांच्या सहकार्यावाचून न होणारे काम आणि अधिकारस्थानी असलेल्यांचा पाठिंबा या त्यांनी सांगितलेल्या अटी होत. तुमच्या गटात उद्दिष्ट समान आहे, दर्जा नाही. विचार चौघांनी करायचा आणि त्याची स्वच्छ प्रत दोघांनी काढायची, अशी ही विभागणी आहे. (पीपीटी हे जणू कामच नव्हे अशा थाटात ते ‘बाहेरच्या’ मुलांकडे ढकलण्याची रीत आपल्याकडे फार रुळली आहे.)

१९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे, वेगवेगळ्या वंशांची मुले नुकतीच एका वर्गात आली असताना, मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धड्याचे भाग पाडून प्रत्येक मुलाला एकच भाग दिला. तो भाग इतरांना त्याच्याकडूनच कळणार असल्याने त्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकणे सर्वांना भाग पडले. तुमच्या प्रकल्पातही संवेदक, प्रोग्राम, वीजपुरवठा आणि नागरिकांपर्यंत सूचना पोहोचवण्याची व्यवस्था असे भाग पडतात. त्यांपैकी एकेक भाग या दोघांकडे पूर्णपणे सोपवा. पण तो त्यांची आवड आणि तयारी पाहून द्या. इंफाळच्या मैत्रिणीने प्रत्येक वेळी ‘तुमच्या ईशान्येकडे कसे असते’ याचे उत्तर देत बसावे, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

ज्याला आंतरसांस्कृतिक कौशल्य म्हणतात, त्याचा मोठा भाग आपण काय गृहीत धरतो हे ओळखण्यात आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे पावसाळ्यात कोल्हापूरच्या घराघरांत बोलले जाते. त्यामुळे तुम्ही चौघांनी ते आकडे कोणाला समजावून सांगितलेच नसण्याची शक्यता आहे. ज्याला ते ठाऊक नाहीत, त्याच्या मनात साहजिकच निराळे प्रश्न येतात : फुटांतला आकडा ऐकून नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूने नेमके काय करायचे, आणि मराठी न वाचता येणाऱ्या कामगाराला संदेश कोणत्या भाषेत जाणार? उपकरणाच्या दृष्टीने हे प्रश्न संवेदकाइतकेच महत्त्वाचे आहेत, आणि चौघांच्याच बैठकीत ते कदाचित कधी निघालेही नसते.

भाषेबाबत फार कडक नियम करू नका. मराठीत बोलणे हा गुन्हा नाही. निर्णय मराठीत होऊन नुसते कळवले जाणे हे अडचणीचे आहे. बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी लिहून पाठवा, प्रत्येकाचे मत लेखी मागवा आणि शेवटी काय ठरले ते पाळीपाळीने एकेकाने इंग्रजीत सांगावे. गप्प बसणे म्हणजे संमती किंवा अनास्था असेही समजू नका. मोठ्या आवाजातला आपला रांगडा वाद नवख्याला भांडण वाटू शकतो आणि तो मध्ये पडायचे टाळतो.

राहिली चौथी अट, म्हणजे वरिष्ठांचा पाठिंबा. तुमच्या गाईडना भेटून विनंती करा की व्हायवाच्या वेळी प्रत्येकाला दुसऱ्या सदस्याच्या भागावरही प्रश्न विचारावेत आणि त्याचे गुण धरावेत. गुण त्यावर अवलंबून आहेत असे कळले, की एकमेकांना समजावून सांगायला वेळ कसा काढायचा हे तुम्हा सहाही जणांना आपोआप सुचेल.