एकाच कच्च्या तेलातून निघतात, तरी पंपावर पेट्रोल आणि डिझेलच्या दरात एवढा फरक का?

डिझेल कमी शुद्ध म्हणून स्वस्त, असा तुमचा अंदाज आहे. तसं नाही. मी मराठवाड्यातल्या एका पंपावर हिशेब बघतो, त्यामुळे हे गणित रोजचंच. फरक रिफायनरीत थोडा आणि करांत जास्त पडतो. कर बाजूला ठेवले तर डिझेल बऱ्याचदा पेट्रोलच्या बरोबरीनं, कधी वरचढही पडतं.

आकडे मांडूनच बघा. समजा, दोन्ही लिटरला ५५ रुपयांनाच आले. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर केंद्राचं उत्पादन शुल्क पेट्रोलवर २१.९० रुपये आणि डिझेलवर १७.८० झालं. इथं फरक जेमतेम चार रुपयांचा. मग राज्याचा व्हॅट, तोही शुल्क धरून झालेल्या रकमेवर, म्हणजे करावर कर. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे; डिझेलवर २१ टक्के, वरचं काही नाही. बेरीज करा: पेट्रोल १०१ च्या पुढे, डिझेल ८८. मूळ भाव एकच आणि फरक १३ रुपयांचा! डीलरचं कमिशन यात धरलेलं नाही. तेही डिझेलला कमीच मिळतं.

(परभणीत दर चढे असायचे ते टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून एवढी मजल मारून यायचा म्हणून. पण ते भाडं दोन्हींवर बसतं, त्यानं त्यांच्यातलं अंतर फारसं हलत नाही.)

डिझेलवर हात सैल का? ट्रक, ट्रॅक्टर, एसटी सगळं त्यावर चालतं. डिझेल वाढलं की मंडईत भाजीचा भाव लगेच बोलतो आणि त्याची धास्ती प्रत्येक सरकारला असते. पूर्वी तर दरच सरकार ठरवायचं. पेट्रोल जून २०१० मध्ये मोकळं झालं, डिझेल थेट ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधे, मे २०१२ मध्ये, दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ च्या घरात होतं. त्या ३२ रुपयांपायी कित्येकांनी रोजचं जाणं-येणं नसतानाही डिझेल गाड्या घेतल्या. माझ्या मते तो आतबट्ट्याचाच व्यवहार होता.

कराचाच खेळ आहे हे बघायचं तर २०२० ची दिल्ली आठवा. मे महिन्यात तिथं डिझेलवरचा व्हॅट १६.७५ वरून ३० टक्के केला आणि जूनमध्ये डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं. जुलैअखेर व्हॅट पुन्हा १६.७५ वर आणला, तसं ते एका झटक्यात ८ रुपये ३६ पैशांनी उतरलं. तेल तेच, पंप तेच.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना विचारलंत तर ते उलटंच सांगतील, तिकडे बहुतेक वेळा डिझेलच महाग. तिथला केंद्रीय करही गॅलनला पेट्रोलवर १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट आहे.