क्रूझचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

देवगडचे 62 वर्षांचे एक आंबा बागायतदार लिहितात: ‘रस्त्यालगतची जागा विकली, कर भरून 55 लाख मिळाले. आम्हा दोघांना नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर क्रूझने जाऊन पांढरं अस्वल बघायचंय. खर्च 15 लाख. आत्ताच बुकिंग करू, की बँकेतून घेतलेल्या योजनेचे पैसे तीन वर्षांनी मिळतील तेव्हा? तिच्यात वर्षाला 5 लाख भरायचेत, 8 टक्के मिळतात. पहिला हप्ता भरला, कागद गेल्या आठवड्यात पोस्टाने आले.’

तुमची ‘योजना’ म्हणजे आयुर्विमा आहे. पाठवलेल्या फोटोत नीट बघा: हप्ते 10 वर्षं, मुदत 15 वर्षं. म्हणजे 50 लाख भरायचे आणि पैसे वयाच्या 77व्या वर्षी. 8 टक्क्यांच्या रकान्याला लागूनच 4 टक्क्यांचाही रकाना आहे. दोन्ही नुसते गृहीत धरलेले दर, हमी कशाचीच नाही. तुम्हाला दाखवला फक्त मोठा आकडा. तीन वर्षांनी पॉलिसी मोडलीत तर भरलेले 15 लाखही पुरते परत येणार नाहीत. ज्याचं घर मोहोरावर चालतं, थ्रिप्सची कीड आली की ज्याच्या आंब्याच्या पेट्या निम्म्यावर येतात, त्याच्या गळ्यात दरवर्षी 5 लाखांचा हप्ता बांधतात, याचा मला मनापासून राग येतो.

सुदैवाने वेळ गेलेली नाही. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती ‘फ्री लूक’खाली परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे पैसे कापून बाकी रक्कम मिळते. अर्ज उद्याच द्या, थेट विमा कंपनीला, आणि पोच घ्या. पोस्टाचं पाकीट फेकू नका, त्यावर तारखेचा शिक्का आहे. ‘काका, एक वर्ष तरी चालवा’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

ते 5 लाख आले की हिशेब सोपा आहे. क्रूझचे 15 गेले, 40 उरले. त्यातले 30 ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका: 8.2 टक्के धरले तर महिन्याला साधारण 20 हजार, मिळतात तिमाहीला. बाकीचे 10 बँकेत, बार न आलेल्या वर्षासाठी. आणि पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की दोघांचाही आरोग्यविमा नाही! तो क्रूझच्या आधी घ्या. आधीपासूनच्या आजारांचा खर्च मिळायला 3 वर्षांपर्यंत थांबावं लागतं, ती मोजणी आजच सुरू होऊ दे.

क्रूझला मात्र जरूर जा. तिथे रबरी होडीतून किनाऱ्यावर उतरायचं असतं, गुडघे धड आहेत तोवरच ते जमतं. पण ब्रोशरमधलं जहाजाला खेटून उभं असलेलं अस्वल डोक्यातून काढा. 2025 पासून तिथे अस्वलापासून किमान 300 मीटर लांब राहावं लागतं, मार्च ते जून 500. म्हणून जुलै-ऑगस्ट बघा, तुमचा आंबाही तोवर आटोपलेला असेल. चांगली दुर्बीण घ्या; वॉलरस आणि रेनडिअरही बघायला मिळतील. स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्राच्या, बाहेर आहे, नॉर्वेतून जाऊन पुन्हा नॉर्वेत यायचं, म्हणून व्हिसा दुहेरी प्रवेशाचा हवा. प्रवास विम्यात रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरलाय का, ते लेखी विचारा.

आगाऊ रक्कम विमा कंपनीचे पैसे खात्यात जमा झाल्यावरच भरा.