मामांना पेनकिलर चालू ठेवावी का? निपाणीच्या दादांना उत्तर

दादा, तुम्ही लिहिलंय की मामांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय आणि 'सुजेच्या गोळ्या कॅन्सरच्या पेशी मारतात' असं कुणीतरी मोबाईलवर दाखवल्यापासून ते गुडघ्याची डायक्लोफिनॅक रोज दोन वेळा घेतायत. आधी ती डॉक्टरांच्या कानावर घाला, तोवर बंद ठेवा. मग पुढचं वाचा.

त्यांनी वाचलं ते खोटं नव्हे. सूज आणणारं कॉक्स-२ हे एन्झाइम आतड्याच्या बहुतेक कॅन्सरमध्ये वाढलेलं असतं. त्यातून बनणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनांमुळे मरायला हव्या त्या पेशी मरत नाहीत, उलट वाढत राहतात. या गोळ्या तेच एन्झाइम दाबतात. पण प्रयोगशाळेत पेशींवर जेवढं औषध ओततात, तेवढं याच गटातल्या ॲस्पिरिनच्या ७५ मिलिग्रॅमच्या गोळीने रक्तात येतच नाही.

माणसांवरचे अनुभवही संमिश्र आहेत. घराण्यातच शेकड्यांनी पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरचे कोंब) होणाऱ्या रुग्णांना सुलिंडॅक ही सुजेचीच गोळी दिली, १९९३ मध्ये निकाल आला: पॉलिप कमी झाले, गोळी थांबवल्यावर पुन्हा वाढले. रोफेकॉक्सिब या दुसऱ्या सुजेच्या गोळीची तर कमालच. पॉलिप परत येऊ नयेत म्हणून चाललेल्या चाचणीतच हार्ट अटॅक वाढलेले दिसले आणि २००४ मध्ये ती बाजारातून गेली.

टिकली ती ॲस्पिरिन, तीही ठरावीक लोकांत. लिंच सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष, असलेल्या ८६१ जणांच्या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्क्यांना पुढे आतड्याचा कॅन्सर झाला, न घेणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांना. २०२५ मध्ये स्वीडन आणि शेजारच्या देशांतला निकाल आला: ऑपरेशननंतर तीन वर्षं रोज १६० मिलिग्रॅम, आणि गाठीत पीआयके३सीए जनुकाचा बिघाड असलेल्यांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण १४ वरून ८ टक्क्यांच्या आत. उलट सत्तरीपुढच्या धडधाकट लोकांना ॲस्पिरिन दिली तेव्हा फायदा नाहीच, रक्तस्राव मात्र वाढला.

माझं आयुष्य बेळगावात औषधाच्या काउंटरमागे गेलं. पट्टी कात्रीने कापून 'चार द्या वो' म्हणणारे म्हातारे रोज येतात. बीपीची गोळी चालू, ॲस्पिरिन चालू, वर डायक्लोफिनॅक. पोटातल्या अल्सरमधून रक्त वाहतं आणि शौच डांबरासारखी काळी होते, तरी 'पित्त झालंय' म्हणून अँटासिड मागतात. मामांना तसं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ऑपरेशनच्या गाठीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, लॅबमध्ये ठेवलेला असतो. बेळगाव, मिरज, कोल्हापूर, जिथे दाखवत असाल तिथल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा: एमएमआर (पेशीतली डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा) तपासणी झालीय का? पीआयके३सीएची करून मिळेल का? ॲस्पिरिन द्यायची की नाही, किती, हे ते त्यावरून ठरवतील. एमएमआर बिघडलेलं निघालं तर लिंचची रक्ततपासणी मागून घ्या. मामांना लिंच निघालं, तर तुमच्या आईची तपासणी आधी करावी लागेल, आणि तिलाही निघालं तर तुमची.