लाइट बंद करूनही बिल कमी होत नाही, मग घरात वीज वाचवायची तरी कुठे?

तुम्ही लिहिलंय की महिनाभर घरातल्या सगळ्यांच्या मागे लागून दिवे बंद करायला लावले, तरी बिल जेमतेम वीस रुपयांनी उतरलं. तेव्हा या छोट्या सवयींना खरंच काही अर्थ आहे का? अर्थ आहे. पण तुमची मेहनत दिव्यांवर गेली, आणि दिव्यांत आता वाचवण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

9 वॅटचा एलईडी दिवा रोज 4 तास लावला तर महिन्याला साधारण 1 युनिट होतं. बाथरूममधला 2000 वॅटचा गीझर तेवढंच 1 युनिट अर्ध्या तासात घेतो. म्हणजे मुलांच्या खोलीतला एक दिवा महिनाभर बंद ठेवून जे हाती लागलं, ते एका सकाळी गीझर अर्धा तास जास्त तापला की गेलं. घरोघरी 60 वॅटचे पिवळे बल्ब होते तेव्हा ‘दिवा मालव’ या सांगण्याला वजन होतं. दिवे बदलले, आपलं लक्ष मात्र अजून दिव्यांवरच आहे.

घरात वीज खरी खातात त्या दोन प्रकारच्या वस्तू. एक, ज्या काहीतरी तापवतात. दुसऱ्या, ज्या दिवसरात्र चालू असतात.

तापवणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात करते. माझं लहानपण सातारा जिल्ह्यातल्या एका गावात गेलं, तांब्याच्या बंबाच्या घरात. पहाटे आजी बंब पेटवायची. मधल्या नळकांड्यात गोवरीचे तुकडे, ढलप्या, नारळाच्या शेंड्या, जे हाताशी असेल ते घालायची. एक बादली कढत पाणी काढलं की वरून तेवढंच गार ओतायचं, हा नियम लहान पोरांनाही पाठ होता. बंब पेटलाय तोवर सगळ्यांनी एकामागोमाग आंघोळी उरकायच्या. उशिरा उठला त्याच्या वाट्याला कोमट पाणी. जळण डोळ्यांदेखत कमी होताना दिसायचं, ते फोडून आणि वाहून कुणी आणलंय हे माहीत असायचं, त्यामुळे शिस्त कुणाला शिकवावी लागली नाही. पुण्यात फ्लॅटमध्ये आले आणि जळणाच्या जागी भिंतीवर एक बटण आलं. सकाळी सहाला लावलेला गीझर मी दहाला बंद करायचे. मधे कुणी आंघोळ करत नसलं तरी टाकीतलं पाणी निवत राहतं आणि आतली कॉइल पुन्हापुन्हा चालू होते.

आता आमच्याकडे बंबाचाच नियम परत आलाय. चौघांच्या आंघोळी सलग. शॉवर नाही, बादली. गीझरचा काटा 50 अंशांवर, कारण 65 अंशांचं पाणी तापवून त्यात निम्मं गार ओतण्यात काही हशील नाही. आणि शेवटचा माणूस आत गेला की बटण बंद. 15 लिटरच्या टाकीत तापलेलं पाणी असतं, त्यात गार मिसळलं की दीड बादली सहज होते. एका माणसाला पुरून उरते. एवढ्यानेच आमचं रोजचं मीटरचं रीडिंग जवळजवळ 1 युनिटने खाली आलं.

हे मला मीटरने सांगितलं. तुम्हीही आधी त्याच्याशी ओळख करून घ्या. डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी बहुधा 3200 असा आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ, तो दिवा 3200 वेळा लुकलुकला की 1 युनिट. (तुमच्या मीटरवर 1600 किंवा 6400 असेल तर हिशोब त्याप्रमाणे.) 3200च्या मीटरवर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे साधारण 19 वॅट, चार म्हणजे 75 वॅट, एक जुना सीलिंग फॅन. एका संध्याकाळी मुलीला मीटरपाशी उभं केलं आणि मी घरात एकेक वस्तू लावत आणि बंद करत गेले. इस्त्री लावल्यावर मोजता मोजता ती धापा टाकायला लागली. तेव्हापासून इस्त्री आठवड्यातून एकदाच होते, सगळे कपडे पाणी शिंपडून, गुंडाळून ठेवून, एका बैठकीत. मी सांगितल्याने हे झालं नसतं.

मग सगळं बंद केलं. फ्रिजचा प्लगसुद्धा पाच मिनिटं काढला. तरी दिवा मिनिटाला एकदा लुकलुकतच होता. शोधलं तर सेट-टॉप बॉक्स आणि वायफायचा राउटर. टीव्ही आम्ही रिमोटने बंद करायचो, बॉक्स आत जागाच. 19 वॅट दिसायला काहीच नाहीत, पण 24 तास, 30 दिवस धरले तर साडेतेरा युनिटं होतात, म्हणजे तेरा दिव्यांचं महिन्याचं काम. आता टीव्ही बघून झाला की भिंतीवरचं बटण बंद. बॉक्स पुन्हा सुरू व्हायला दोनेक मिनिटं घेतो, त्याची सवय झाली.

फ्रिजबद्दल थोडक्यात. भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागची उष्णता बाहेर पडायला जागा हवी. दारात दहाची नोट अडकवून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर गेलंय, बदलून घ्या. कढत आमटी आत ठेवू नका. पिण्यासाठी माठ ठेवलात तर दिवसभरात दार उघडणं निम्म्यावर येतं, आणि पाण्याची चव वेगळीच.

आमच्याकडे एसी नाही, म्हणून त्याविषयी अनुभवाचं काही सांगत नाही. 2020 पासून नवे एसी सुरू होताना 24 अंशांवर लागतात, तो आकडा खाली ओढायची घाई करू नका, एवढंच म्हणेन.

स्वयंपाकघरातला गॅस हीसुद्धा ऊर्जाच आहे, आणि तिथे सवयींचा फरक सगळ्यात लवकर दिसतो. कुकरच्या शिट्ट्या मोजणं मी सोडलं. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडणं. आतलं तापमान 120 अंशांच्या आसपास गेलं की मोठ्या आचेने ते आणखी वाढत नाही, फक्त वाफ वाया जाते. तूरडाळ अर्धा तास भिजवायची, कुकरमध्ये खाली डाळ, वर भात, जागा असेल तर दोन बटाटे. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक, आठ-दहा मिनिटांनी बंद. झाकण आपोआप उघडेपर्यंत थांबायचं, तेवढ्या वेळात आतलं शिजतच असतं. छोट्या पातेल्याला छोटा बर्नर, भाजीवर झाकण, फ्रिजमधलं दूध थोडा वेळ बाहेर ठेवून मग तापवायला. सिलिंडर लावला त्या दिवसाची तारीख मी त्याच्यावर खडूने लिहिते. 14.2 किलोचा सिलिंडर आम्हाला दीड महिना जायचा, आता आठवडाभर जास्त जातो.

बिलाच्या दृष्टीने आणखी एक. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या 100 युनिटांचा दर वेगळा आणि 101 ते 300चा त्याहून बराच जास्त. तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या, महागड्या टोकाचं असतं. तुमचा वापर 120-130 असेल तर वर सांगितलेल्या दोन-तीन गोष्टींनी तुम्ही शंभराच्या आत याल, आणि तेव्हा बिलावर जो फरक दिसेल तो वीस रुपयांचा नसेल. महिनाभर रोज रात्री मीटरचं रीडिंग कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहा.

एका गोष्टीला मात्र आम्ही हात लावला नाही. सासूबाईंना रात्री झिरोचा दिवा लागतो आणि पंखा बारा महिने. त्यावर घरात कुणी बोललेलं मला चालत नाही. पुढे 30 वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा, पंखा घ्यायचं ठरलं, तेव्हा मुलांना तो हॉलमध्ये हवा होता. मी आधी सासूबाईंच्या खोलीत लावला, कारण घरात सगळ्यात जास्त तास फिरतो तो त्यांचाच.